नाण्यावरचा व्रण : टांकसाळीचा की काळाचा?

नाणे हा इतिहासाचा सर्वांत लहान दस्तऐवज होय. ताम्रपटाला पाच-पंचवीस ओळी असतात, बखरीला तर पानेच्या पाने. नाण्याला मात्र जे काही सांगावयाचे ते अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत सांगून मोकळे व्हावे लागते. म्हणूनच त्या जागेतील एखादी रेघ, एखादी वेलांटी, कडेचा एखादा खळगा यांना अवास्तव वाटावे इतके महत्त्व प्राप्त होते. ती खूण नाणे पाडणाऱ्याच्या हातून उमटली, की नाणे जन्मास आल्यानंतर मातीने, आगीने, घामाने किंवा माणसाच्या लोभाने तिच्यावर उमटवली, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो न सोडवता पुढे गेले की अभ्यासक झिजेला राजाज्ञा समजतो, आणि हौशी संग्राहक गंजाला दुर्मिळता समजून पदरचे पैसे मोजतो.

आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य कागद आणि शिक्के यांच्या सहवासात जाते. तेव्हा हा भेद कचेरीच्याच भाषेत सांगणे सोयीचे होईल. समजा, कचेरीच्या रबरी शिक्क्यातील एक अक्षर तुटले आहे. त्या दिवसापासून जितक्या कागदांवर तो शिक्का बसेल तितक्या कागदांवर ते अक्षर तुटकेच उमटेल. हा ठशाचा दोष. दुसऱ्या वेळी शिक्का धड असतो, पण मारणाऱ्याचा हात घसरतो. शिक्का तिरपा बसतो, दोनदा बसतो, किंवा अर्धा कागदाबाहेर जातो. हा आघाताचा दोष. तो त्या एकाच कागदापुरता. तिसऱ्या वेळी कागदाचा कोपरा आधीच फाटलेला असतो आणि शिक्का त्यावर जसा बसावयाचा तसा बसतो. हा कोऱ्या चकतीचा दोष. चौथा प्रकार मात्र निराळा. शिक्का बसला, कागद फायलीत गेला, आणि मग त्यावर चहा सांडला, वाळवी लागली किंवा पावसाळ्यात छत गळले. पहिल्या तीन गोष्टी शिक्का बसेपर्यंतच्या, चौथी त्यानंतरची. नाण्यांच्या बाबतीत पहिल्या तिन्हींना टांकसाळीचे दोष म्हणतात आणि चौथीला परिस्थितीजन्य हानी. या विद्येचे सारे मर्म ‘आधी की नंतर’ या दोन शब्दांत आहे. नाणे किती विचित्र दिसते याला तेथे किंमत नाही.

ही विद्या केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एक मोठा निर्णय तिच्या आधाराने झाला आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती क्षहरात वंशातील नहपानाची. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर काहीतरी विपरीत घडलेले दिसत होते. राजाच्या गालावरून कमानींच्या चैत्याची आकृती गेलेली, तिच्याखाली नागमोडी रेघ, आणि मागील बाजूस बाण-वज्रावर उज्जयिनी चिन्हाची वर्तुळे. एखादेच असे नाणे एखाद्या शेतात सापडते, तर पाहणाऱ्याने ते चुकून दोनदा ठोकले गेले असे म्हटले असते, किंवा घासून विद्रूप झाले म्हणून बाजूला टाकले असते.

अभ्यासकांनी मात्र क्रम लावला. वरची आकृती तीक्ष्ण, खालची चेपलेली; म्हणजे वरची नंतरची. खालच्या आकृतीचा धातू नाहीसा झालेला नाही, तो दाबला गेला आहे. म्हणजे ही झीज नव्हे. आणि एकच जोडी हजारो नाण्यांवर पुनःपुन्हा येते. म्हणजे हा हात घसरल्याचा परिणाम नव्हे, हा हुकूम आहे. चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह ही गौतमीपुत्र सातकर्णीच्या टांकसाळीची खूण. क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचा जो दावा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात त्याच्या मातेने केला आहे, त्याला जोगलटेंभीच्या नाण्यांनी धातूची साक्ष दिली. जित राजाचे चलन न वितळवता त्याच्याच तोंडावर विजेत्याने आपला ठसा मारला होता. ज्याला दोष म्हणावयाचे ते शासन ठरले; आणि ते ठरले केवळ खुणांचा क्रम नीट लावल्यामुळे.

आता हीच कसोटी आपल्या सध्याच्या मुक्कामावर लावून पाहू. बेंगळूरच्या वायव्येस, तुमकूरच्या रस्त्याला, यशवंतपूर आहे. रेल्वेने गावाकडे जाणाऱ्या मराठी माणसाला ते स्थानक चांगले परिचयाचे असते. तेथे १८९१ साली रोमन चांदीच्या १६३ दिनारींचा साठा मिळाला. पुढे १९६५ साली शहराच्या पूर्वेस, विमानकारखान्याच्या परिसरात, अशाच आणखी २५६ दिनारी सापडल्या. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्यसमुद्राकाठी पडलेले नाणे दख्खनच्या लाल मातीत शतकानुशतके निजले, की त्यावर कोणकोणते लेप चढत असतील याची कल्पना करावी. मातीतील क्षार चांदीवर राखी, मेणचट थर चढवतात. मिश्रणातील तांबे बाहेर येऊन हिरवे डाग पाडते. आणि एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवताना एकाचे कवच दुसऱ्यावर राहते. या सर्व खुणा नंतरच्या.

पण भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर याखेरीज आणखी एक खूण वारंवार दिसते. १८९८ साली तमिळ प्रदेशात पुदुकोट्टैकडे ५०१ सोन्याच्या रोमन नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला होता. हा घाव टांकसाळीचा नव्हे आणि मातीचाही नव्हे. तो बुद्धिपुरस्सर आहे. नाणे चलनातून बाद करण्यासाठी तो घातला असावा, असे पुष्कळांचे मत आहे. आपल्याकडील सराफ आणि पोतदार रुपयाची चांदी पारखताना त्यावर बारीक टोचे मारीत, तेही याच वर्गातले. म्हणजे ‘नंतर’ या सदरातसुद्धा निसर्गाची हानी आणि माणसाची कृती असे दोन पोटभेद करावे लागतात. नाहीतर व्यवहाराचा पुरावा आपण गंज म्हणून पुसून टाकू.

यशवंतपूरहून मेट्रोने तीन स्थानके पुढे गेले की पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७० च्या दशकात वसलेली ही वसाहत लहान-लहान कारखान्यांची आहे: पत्रा कापणारे प्रेस, डाय बनविणारे, सुटे भाग घडविणारे, मुलामा चढविणारे. नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याला पुस्तकापेक्षा येथील एका फेरीने अधिक समजेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण नाणे पाडणे म्हणजे तत्त्वतः पत्र्याचा भाग प्रेसमध्ये काढण्यासारखेच काम होय. आणि नाण्याचा नाश म्हणजे तत्त्वतः तेच, जे शेजारच्या गाळ्यात आम्लाच्या टाकीत आणि बॅरलमध्ये मुद्दाम केले जाते. एका गल्लीत ‘आधी’ आहे, दुसऱ्या गल्लीत ‘नंतर’.

प्रेसपाशी प्रथम थांबू. धातूची पट्टी पुढे सरकते, पंच खाली येतो, गोल चकती पडते. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा एक घास चंद्रकोरीसारखा कमी पडतो. टांकसाळीतही नेमके असेच घडते. पण तेथे पुढची एक पायरी असते: चकतीची कड दाबून थोडी उंच करण्याची. जेथे घास गेला आहे तेथे दाबच बसत नाही, आणि म्हणून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूची कडही दुबळी राहते. याला संग्राहक ब्लेकस्ले परिणाम म्हणतात. कानशीने किंवा कात्रीने नंतर घास काढणाऱ्याला हे साधत नाही. त्याच्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. शिवाय खऱ्या घासाजवळची अक्षरे त्या रिकाम्या जागेकडे किंचित ओढल्यासारखी होतात, तर नंतर कापलेल्या नाण्यात ती सरळ तोडलेली दिसतात.

दुसरी कसोटी त्याहून सोपी आहे, आणि ती कोणताही डाय-कारागीर सांगेल. डायला तडा गेला तर वस्तूवर उंचवटा येतो, कारण दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो. तयार वस्तूवर ओरखडा पडला तर खाच येते. तेव्हा नाण्यावर केसासारखी उठावदार रेघ दिसली तर टांकसाळीचा विचार करावा. खोल गेलेली रेघ दिसली तर रस्ता, कुलूप, किल्ल्यांचा जुडगा यांचा. या एका नियमाने दहापैकी पुष्कळ वाद जागच्या जागी मिटतील.

कधी आधीचे नाणे डायला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीच्या एका अंगावर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. रोमन दिनारींतही असे नमुने प्रसिद्ध आहेत. याची नक्कल करण्यासाठी दोन नाणी शिकंजात घालून दाबतात. परंतु खऱ्या दोषात दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत असते, कारण तिच्यावर डायचाच आघात झालेला असतो. शिकंजातील नाण्याची दुसरी बाजू मात्र चेपून सपाट होते, आणि उलट्या अक्षरांखाली मूळ सुलटी अक्षरे मेलेल्या अवस्थेत शिल्लक दिसतात. क्रम पुन्हा बोलतो.

आता मुलाम्याच्या गाळ्याकडे वळू. तेथे पहिले काम वस्तू आम्लातून काढून स्वच्छ करण्याचे. आम्ल कोणाचा पक्षपात करीत नाही. ते छापा, काटा आणि कड या तिन्हींवरून सारखेच धातू खाते. म्हणून आम्लात पडलेले नाणे सर्वांगाने पातळ होते, अक्षरे कृश होतात, पृष्ठभाग खरबरीत पण एकसारखा दिसतो. याउलट डायमध्ये तेलाचा चिखल साचला तर काही अक्षरे अजिबात उमटत नाहीत, पण बाजूची अक्षरे तीक्ष्ण राहतात आणि रिकाम्या जागेवर मूळची तकाकी असते. डोळ्याला शंका राहिली तर तराजू निवाडा देतो. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम आणि दोन रुपयांच्या नाण्याचे ४.८५ ग्रॅम. अक्षरे नसूनही वजन पुरे भरले तर दोष टांकसाळीचा असण्याचा संभव. वजन घटले तर धातू कोठेतरी गेला आहे, आणि तो आम्लात किंवा झिजेत गेला.

मुलामा ही तिसरी फसगत. तांबूस रंगाचा रुपया पाहून तो चुकून तांब्याच्या चकतीवर पडला अशी कथा रचली जाते. आपला अलीकडचा रुपया लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा आहे. तांबे चिकटत नाही. तांबूस रुपया चुंबकाला चिकटला आणि त्याचे वजनही पुरे भरले, तर आत पोलाद आहे आणि वर केवळ मुलामा आहे. दहा रुपयांच्या दुधातू नाण्यातही अशीच एक युक्ती चालते: आतील चकती ठोकून काढावयाची, फिरवून परत बसवावयाची आणि ‘फिरलेले केंद्र’ म्हणून विकावयाचे. पण टांकसाळीत कडे आणि चकती ही ठसा बसतानाच एकमेकांत घट्ट होतात आणि ठसा दोहोंवर एकदमच बसतो. त्यामुळे चकती मध्यापासून ढळली तरी कड्यावरची अक्षरे आणि आतील चित्र यांची दिशा जुळलेलीच असते. ती जुळत नसेल तर चकती नंतर हलली.

येथवरचे नियम यंत्राच्या नाण्यांना लागू आहेत. मराठ्यांच्या इतिहासाशी गाठ पडली की त्यांत एक मोठी दुरुस्ती करावी लागते, आणि माझ्या मते विषयाचे खरे गांभीर्य तेथेच आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चलनात आली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पुढे पेशवाईअखेरपर्यंत आणि त्यानंतरही शिवराया पडत राहिल्या. त्या हातोड्याच्या घावाने पडत. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे, आणि चकतीही नेमकी गोल नसे. त्यामुळे बहुतेक शिवरायांवर मजकूर अर्धाच उमटतो. कोठे ‘श्री’ कडेबाहेर जाते, कोठे ‘पति’. आजच्या यंत्राच्या मापाने पाहिले तर जवळजवळ प्रत्येक शिवराई सदोष ठरेल! पण ज्या टांकसाळीचा रिवाजच तसा होता तेथे त्याला दोष म्हणणे अन्याय होईल. दोष हा नेहमी त्या काळच्या नियमाच्या संदर्भात मोजावा लागतो. मुंबईच्या टांकसाळीत एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांनी एकसारखी नाणी पडू लागल्यावर जो नियम झाला, तो रायगडावर लादता येत नाही.

तरीही शिवराईत खऱ्या दोषांची आणि हानीची निवड करावी लागते, कारण शिवरायांचे वर्गीकरण अक्षरांच्या बारकाव्यांवर उभे आहे. ‘शिव’ कोठे ऱ्हस्व आहे, कोठे दीर्घ. कोठे ‘श’ ऐवजी ‘स’ आहे. ‘पति’ कोठे ‘पती’ झाले आहे. या भेदांवरून निरनिराळे ठसे, निरनिराळ्या टांकसाळी आणि निरनिराळे काळ यांविषयी तर्क केले जातात. आता एखाद्या शिवराईवरची वेलांटीच जंगाल चढून गळून पडली, तर पाहणाऱ्याला एक नवीनच प्रकार सापडल्याचा भास होईल, आणि त्यावर नव्या टांकसाळीचा इमला उभा राहील. यावर उपाय कचेरीतलाच: एका प्रतीवर विसंबू नये. अक्षर ठशातच तसे कोरले असेल तर त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावरही ते तसेच सापडले पाहिजे. ठशाचा दोष साक्षीदार आणतो. हानी मात्र एकटी येते. दोन नाण्यांना गंज हुबेहूब एकाच आकाराने खात नाही.

या हानीत आपल्या घरांचाही वाटा लहान नाही. शिवराई पुष्कळ घरांत देवघराच्या ताम्हनात राहिली, आणि दर सणाला चिंच व राख लावून लखलखीत झाली. चिंच हे आम्लच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीने ‘श्री राजा शिव’ मधील ‘राजा’ कित्येक नाण्यांवरून पुसला गेला आहे. तीच गत गळ्यातल्या नाण्यांची. पुतळ्यांच्या माळेसाठी नाण्याला कडी डाखलेली असते. कडी निघाली तरी डाखाचा उंचवटा कडेला राहतो, आणि अनभिज्ञ माणूस त्याला डायचा तुकडा उडाल्याची खूण समजतो. अशा वेळी त्या उंचवट्याचा रंग पाहावा आणि त्याच्या पाठीमागे त्याच जागी उष्णतेचा डाग आहे का ते पाहावे.

खोट्या आणि हिणकस नाण्यांची चिंता आपल्या पूर्वजांनाही होती. पेशवाईत धारवाड भागातील खासगी टांकसाळींतून हलके चलन निघू लागले, तेव्हा त्या बंद करून धारवाडास एकच सरकारी टांकसाळ ठेवण्याचा हुकूम निघाला होता. बागलकोटचा मल्हारशाही रुपया, चांदवडचा रुपया, अंकुशी रुपया, प्रत्येकाचा बट्टा निराळा. आणि तो बट्टा ठरविणाऱ्या पोतदाराच्या नजरेवर रयतेचा सारा अवलंबून. त्याने झिजलेल्या रुपयाला हिणकस म्हटले तर शेतकऱ्याचे नुकसान, हिणकसाला झिजलेला म्हटले तर सरकारचे. ‘आधी की नंतर’ हा प्रश्न तेव्हा संग्रहाचा नव्हता, पोटाचा होता.

आज तो पुन्हा पैशाचा झाला आहे. साध्या, गंजलेल्या किंवा मुद्दाम बिघडवलेल्या नाण्यांना दुर्मिळ म्हणून भरमसाट किमती सांगितल्या जातात, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थही डब्यातील सुट्ट्या पैशांत लक्ष्मी शोधू लागतो. त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. टांकसाळीत सदोष नाणी निवडून बाजूला काढली जातात, म्हणून खरा दोष विरळाच बाहेर येतो. उलट हानी मात्र रोज, सर्वत्र आणि फुकट होत असते. शंका असेल तेथे हानी गृहीत धरावी आणि दोष सिद्ध करावा. आणि २०११ च्या नाणे अधिनियमाने चलनी नाणे वितळविण्यास व नष्ट करण्यास मनाई केली आहे. तेव्हा प्रयोगासाठी आपल्या हाताने नाणे बिघडवण्याच्या मोहात कोणी पडू नये.

राहता राहिला आपल्यासारख्या फिरत्या नोकरदारांचा प्रश्न. बदलीच्या निमित्ताने आपण अशा गावी जातो, जेथे शिवराई किंवा मल्हारशाही रुपया अजूनही एखाद्या सराफाच्या गल्ल्यात किंवा भांड्यांच्या दुकानात निघतो. असे नाणे हाती आले तर ते चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. मऊ कापडात, कोरडे ठेवावे, वजन करावे, आणि सोबत एक चिठ्ठी असावी: कोठे मिळाले, केव्हा मिळाले, कोणत्या नाण्यांबरोबर मिळाले. जमिनीतून साठा निघाला तर १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा आहे; जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. जोगलटेंभीची नाणी बोलली ती मुख्यतः एकत्र राहिल्यामुळे. तीच नाणी एकेक करून तेरा हजार घरांत गेली असती आणि घासून लखलखीत झाली असती, तर गौतमीपुत्राच्या विजयाची ही साक्ष देवघरांच्या ताम्हनांत विरघळून गेली असती. नाण्यावरील मळ पुसणे दोन मिनिटांचे काम आहे. मळाखालचा पुरावा गेला, की तो कोणत्याही टांकसाळीत पुन्हा पाडता येत नाही.